हिरा, जोहरी आणि हरवलेले गुणपत्रक

खेळाविषयीचे मराठी लेखन वर्षानुवर्षे एकाच गोष्टीवर जगत आले आहे. आडगावात एक मुलगा असतो. त्याच्या अंगी असामान्य गुण असतात, पण ते कोणाच्या ध्यानी येत नाहीत. मग एके दिवशी एक रत्नपारखी येतो, त्याची नजर त्या मुलावर पडते आणि हिरा कोंदणात जाऊन बसतो. गावाचे नाव बदलते, खेळ बदलतो. पारखी कधी वृद्ध प्रशिक्षक असतो तर कधी व्यावसायिक संघाचा निरीक्षक. गोष्ट मात्र तीच राहते. प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला किंवा खो-खोच्या लीगसाठी खेळाडूंची निवड झाली, की वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत ती पुन्हा छापून येते.

ही गोष्ट खोटी आहे, असे आमचे म्हणणे आहे. नुसती खोटी असती तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. ती अपायकारकही आहे. मराठीच्या अध्यापकांनी कबड्डीच्या मैदानात कशासाठी उतरावे, असे कोणी विचारील. हिरा आणि जोहरी हे रूपक आहे, आणि रूपकाची तपासणी हा तर आमचा रोजचा धंदा आहे.

हे रूपक नीट उलगडून पाहा. हिरा भूगर्भात हजारो वर्षे पडून राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. आज सापडला काय आणि शंभर वर्षांनी सापडला काय, तो हिराच. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आलेल्या खेळाडूला हे लागू पडते का? त्याच्या हाती फार तर तीन-चार हंगाम असतात. त्यांतले अर्धे ऐन धानकापणीच्या दिवसांत येतात आणि त्या दिवसांत घरी एक माणूस कमी पडणे परवडत नाही. हिऱ्याला कापणीला जावे लागत नाही. शिवाय हिऱ्याचे मोल त्याच्या जातीतच असते. खेळाडूचे मोल तो कोणाविरुद्ध, किती सामने आणि कोणत्या मैदानावर खेळतो यातून घडत जाते. मातीवर खेळून मोठा झालेला चढाईपटू मॅटवर पहिल्यांदा उतरतो तेव्हा त्याचे पायच त्याला परके होतात. आता या रूपकाची सर्वांत मोठी लबाडी पाहू. त्यात सगळे कर्तृत्व जोहऱ्याच्या डोळ्यांत साठवलेले आहे. डोळा पडला तर भाग्य, न पडला तर दुर्दैव. मधल्या कोणाकडे कसलीही जबाबदारी उरत नाही. महाविद्यालयाकडे नाही, विद्यापीठाकडे नाही आणि संघटनेकडेही नाही.

या गोष्टीचे विदर्भातले सर्वांत लाडके उदाहरण म्हणजे उमेश यादव. नागपूर जिल्ह्यात खापरखेड्याजवळच्या वलनी येथील खाण कामगाराचा हा मुलगा. ‘कोळशाच्या खाणीतला हिरा’ हा मथळा इतका आयता होता की तो न वापरण्याचा संयम फारच थोड्यांना साधला. पण घटनाक्रम पाहिला तर मथळा टिकत नाही. विशीपर्यंत टेनिस चेंडूने गोलंदाजी करणारा हा मुलगा २००७ च्या सुमारास विदर्भ क्रिकेट संघटनेशी संलग्न असलेल्या विदर्भ जिमखाना या क्लबकडून खरा चेंडू हाती घेतो. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे त्याच्या पाठीशी उभा राहतो. २००८ मध्ये तो रणजी खेळतो आणि २०११ च्या नोव्हेंबरात दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. गंधे यांच्या नजरेचे श्रेय आम्ही नाकारत नाही. परंतु त्या नजरेच्या आधी एक क्लब होता, क्लबच्या आधी स्पर्धांचे वेळापत्रक होते, प्रत्येक षटकाची नोंद करणारी गुणवही होती आणि विदर्भ नावाचा स्वतंत्र रणजी संघ होता. या संघाने पुढे २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन वेळा विजेतेपद मिळवले, ते काही तीन हिरे लागोपाठ सापडले म्हणून नव्हे. क्रिकेटला पारखी लाभले कारण क्रिकेटला वही होती.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलपटूंना व्यावसायिक संघ ज्या पद्धतीने निवडतात तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. मागील हंगामातल्या सर्वांत दुबळ्या संघाला साधारणपणे निवडीचा पहिला हक्क मिळतो आणि सात फेऱ्यांत सगळे खेळाडू क्रमांकाने उचलले जातात. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या जागेवर खेळणारे सहा जण त्याच्या आधी उचलले गेले होते. पुढे त्याने सात वेळा त्या लीगचे अंतिम विजेतेपद मिळवले. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी हा तर २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा. त्याच्या संघाने २०२४ च्या फेब्रुवारीत अंतिम सामना खेळला तो त्याच्या नेतृत्वाखाली. ‘उपेक्षित गुणवत्ता’ म्हणून ही उदाहरणे जगभर सांगितली जातात.

आम्हाला मात्र या १९९ व्या क्रमांकाचा हेवा वाटतो. ब्रेडीचे मोल कमी केले गेले हे खरे. पण मोल कमी करण्यासाठी आधी मोल करावे लागते. त्याचे महाविद्यालयीन सामने चित्रित झालेले होते, त्याच्या प्रत्येक फेकीची नोंद होती, त्याचे धावणे घड्याळावर मोजले होते आणि ते संथ भरले होते. निवडणारे चुकले, आणि त्यांची चूक आजही पुराव्यानिशी दाखवता येते. चूक दाखवता येणे हे व्यवस्थेचे वैभव आहे. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर ब्रेडीचे वाचन झाले आणि ते चुकीचे झाले. आमच्याकडचा खेळाडू अवमूल्यित नाही, तो अवाचित आहे. चुकीच्या समीक्षेतून कवी वर येऊ शकतो. ज्याचे हस्तलिखितच कोणी ठेवले नाही त्याला समीक्षक तरी काय करणार?

हे अवाचितपण कसे तयार होते ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे महाविद्यालयातून व्यावसायिक लीगपर्यंत जाणारी वाट कागदावर अस्तित्वात आहे. प्रो कबड्डीच्या २०२२ च्या लिलावात पाचशेहून अधिक खेळाडूंची यादी होती आणि तिच्यात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या दोन अंतिम संघांचे २४ खेळाडू मुद्दाम घेतलेले होते. या निर्णयाचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. पण या दारापर्यंत पोचायला किती पायऱ्या आहेत ते मोजा. साकोली, लाखांदूर किंवा तुमसरच्या महाविद्यालयातला खेळाडू आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दिसला पाहिजे. तेथून तो विद्यापीठाच्या संघात गेला पाहिजे. तो संघ पश्चिम विभागात टिकला पाहिजे, मग अखिल भारतीय स्पर्धेत वरच्या संघांत आला पाहिजे, मग खेलो इंडियात अंतिम फेरी गाठली पाहिजे. म्हणजे एका खेळाडूची पारख होण्यासाठी त्याच्या अकरा सोबत्यांनीही देशात पहिल्या दोनांत यावे लागते! ही व्यक्तीची पारख नव्हे. विजेत्या संघाला दिलेले ते बक्षीस आहे. दुबळ्या संघातला सबळ खेळाडू हेरणे हाच तर हेरण्याचा खरा अर्थ. आणि नेमका तोच या रचनेत अशक्य करून ठेवलेला आहे.

मग निरीक्षकाने खालच्या पायरीवर यावे, असे कोणी म्हणेल. यावेच. पण आला तरी त्याने पाहावे काय? कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले तरी एका सामन्यात ८० चढाया मावतात. या ८० चढायांतून दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात उरते ते ‘३४ विरुद्ध २९’ एवढेच. समजा, एका चढाईपटूने १२ गुण मिळवले. त्यांतले सात समोर तीनच गडी उरलेले असताना आले असतील तर त्या बाराचे वजन वेगळे. दुसऱ्याने पाचच गुण मिळवले, पण पाचही आधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्यावर, म्हणजे गुण घे नाहीतर बाद हो अशा तिसऱ्या चढाईत आले असतील, तर तो पाच गुणांचा खेळाडू बारा गुणांच्या खेळाडूहून मोठा असू शकतो. कोपरारक्षकाने घोटा धरला की पकडीचा गुण त्याच्या नावावर चढतो. त्या आधीच्या अर्ध्या सेकंदात ज्या मध्यरक्षकाने चढाईपटूची परतीची वाट अडवली त्याच्या नावावर काहीच चढत नाही. खो-खोतही असेच. गडी बाद करणाऱ्याचे नाव लागते. ज्याने अचूक क्षणी खो देऊन पळणाऱ्याला खांबाकडे रेटले तो अनामिक राहतो. आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना सांगतो की कवितेचा आशय सांगू नका, ओळीत काय घडते ते पाहा. कबड्डीलाही ओळी असतात. त्या कोणी वाचत नाही, कारण त्या कोणी लिहून ठेवत नाही.

वास्तविक गुणलेखक प्रत्येक सामन्याला बसलेला असतो. कोणी कोणाला बाद केले, बोनस कोणी घेतला, लोण कधी चढला, हे सारे तो लिहीत असतो. परंतु आमच्या पाहण्यात असे आहे की पंचांच्या सह्या झाल्या की त्या कागदाचे आयुष्य संपते. तो फायलीत जातो आणि फाईल कपाटात जाते. गेल्या पाच वर्षांत महाविद्यालयीन स्पर्धांत सर्वाधिक पकडी कोणी केल्या, हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर मिळणार नाही. मुकुंदराज अंबाजोगाईचे की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे, या वादात आपण पिढ्यान् पिढ्या पुरावे धुंडाळले. आठशे वर्षांपूर्वीच्या कवीच्या गावासाठी इतकी आस्था दाखवणाऱ्या प्रदेशाला गेल्या वर्षीच्या चढाईपटूचे गुण ठाऊक नसावेत, यातली विसंगती आम्हाला हसून सोडून देता येत नाही.

या कोऱ्या जागेत एकच कागद टिकतो, तो म्हणजे प्रमाणपत्र. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा आधार कोणत्या पातळीवरच्या स्पर्धेत कोणते स्थान मिळाले हा आहे. ही सोय आवश्यकच होती आणि आजही आहे. पण तिची सावली महाविद्यालयीन क्रीडाजीवनावर अशी पडली आहे की खेळाडूला, पालकाला आणि प्राचार्यालाही खेळापेक्षा कागदाची चिंता अधिक. ‘सहभाग’ आणि ‘स्थान’ हे दोनच शब्द प्रमाणपत्राला कळतात. तो कसा खेळला हे सांगण्याची त्याच्यात सोयच नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर वाचून पुस्तकाची समीक्षा करण्याचा हा प्रकार आहे. आणि गंमत पाहा: हाच मुलगा पदवीनंतर पोलीस भरतीच्या मैदानावर १६०० मीटर धावतो, गोळा फेकतो, तेव्हा त्याचा प्रत्येक सेकंद मोजला जातो आणि गुणांची यादी जाहीर होते. शिपाई निवडताना जी शिस्त शासनाला सहज जमते ती खेळाडू घडवताना कोठे जाते?

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की खेळ आकड्यांत मावत नाही. अनुभवी डोळ्याला दोन चढायांत खेळाडू कळतो. आकड्यांत सारे मावत नाही हे आम्हाला मान्य आहे. पण नुसत्या डोळ्याच्या सवयी असतात. तो उंची पाहतो, खांदे पाहतो, ओळखीच्या प्रांताची बोली ऐकतो. हरयाणाच्या मुलाची एक चूक त्याला अपघात वाटते, झाडीपट्टीतल्या मुलाची तीच चूक त्याला स्वभाव वाटतो. नोंद डोळ्याची जागा घेत नाही. ती डोळ्याला जाब विचारते. सिद्धार्थ देसाई या कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेळाडूला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६.४ लाखांना घेतले आणि एका मोसमानंतर, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. एका वर्षात त्याची प्रतिभा चौपट झाली असे कोणी म्हणणार नाही. बदलले ते एवढेच की त्याची प्रत्येक चढाई आता सर्वांसमोर मोजली गेली होती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कदाचित तुमचे खेळाडू तेवढे चांगले नसतीलच! असेल तसे. प्रदेशप्रेमापोटी आम्ही प्रत्येक गावात एक अज्ञात महान खेळाडू दडला आहे असे म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच हिऱ्याच्या गोष्टीला शरण जाणे होय. पण ‘चांगले नाहीत’ हा देखील निर्णय आहे आणि निर्णयाला पुरावा लागतो. आज ‘चांगले आहेत’ म्हणणारा आणि ‘नाहीत’ म्हणणारा दोघेही सारखेच रिकाम्या हातांनी बोलत आहेत. अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या अस्लम इनामदारने २०२१-२२ मध्ये पुणेरी पलटणकडून पदार्पण केले आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली त्या संघाने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद घेतले. तो दिसला म्हणून आपल्याला ठाऊक आहे. न दिसलेल्यांविषयी खात्रीने बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच क्षेत्रातल्या मित्रांचा आहे, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. माणसांचा लिलाव ही कल्पनाच अमानुष आहे; तुम्ही तिची दारे रुंद करा म्हणता, म्हणजे बाजाराचीच वकिली करता. ‘लिलाव’ हा शब्द आमच्याही कानाला खुपतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोने लिलावाऐवजी ड्राफ्टची पद्धत स्वीकारली आणि मानधन प्रवर्गानुसार आधीच ठरवले. शब्द सौम्य झाला, तरी कोणत्या संघाकडून खेळायचे हे खेळाडूच्या हाती त्यातही नव्हते. तेव्हा टीका जरूर करावी. पण बाजार नाकारण्याचा अधिकार ज्याला बाजाराने विचारले आहे त्यालाच बजावता येतो. प्रो कबड्डीच्या २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या ड गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये होती. दोन एकर धानाच्या घरातल्या मुलाने ती तत्त्वासाठी नाकारली तर आम्ही त्याला नमस्कार करू. त्याच्या वतीने आपण खुर्चीत बसून ती नाकारणे मात्र सोयीचे आहे, नैतिक नाही.

आणि बाजाराच्या मर्यादेवर बोलायचेच असेल तर मुलींपासून सुरुवात करावी. प्रो कबड्डीने २०१६ मध्ये तीन संघांचे महिला आव्हान भरवले, आणि त्यानंतर ती वाट पुढे नेली नाही. अल्टिमेट खो-खोचे २०२२ आणि २०२३-२४ हे दोन्ही मोसम पुरुषांचेच होते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. विश्वविजेत्या मुलींच्या मागे उभ्या असलेल्या हजारो महाविद्यालयीन मुलींना उपेक्षित तरी कसे म्हणावे? ज्या यादीत उपेक्षा व्हावी ती यादीच तयार झालेली नाही. म्हणूनच त्यांच्या बाबतीत नोंदीची निकड दुप्पट आहे. उद्या यादी निघाली तर आजचे गुणपत्रक हाच त्यांचा पुरावा असेल. आणि न निघाली तर तोच कागद त्यांचा इतिहास ठरेल.

नोंदीने काय होते याचे उत्तर आपल्या जिल्ह्याने एकदा दिलेले आहे. झाडीबोलीला ‘अशुद्ध मराठी’ म्हणून हसले जात होते तेव्हा साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या वतीने अश्रू ढाळले नाहीत. त्यांनी शब्द गोळा केले, कोश केला, दंडारीसारख्या लोककलांचा अभ्यास मांडला, बोलीत लिहिणाऱ्यांना एकत्र आणले. बोलीतले सौंदर्य ओळखणारा एखादा पुण्याचा जोहरी येईल म्हणून ते थांबले नाहीत. आधी वही आली, मग वाचक आले. हा क्रम खेळालाही लागू आहे.

म्हणून आमच्या मागण्या अगदी गद्य आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्याचे गुणपत्रक त्याच आठवड्यात सर्वांना पाहता येईल असे प्रसिद्ध व्हावे. त्यात खेळाडूच्या नावापुढे चढाया, कोऱ्या चढाया, तिसऱ्या चढाईतले गुण, पकडी आणि पकडीतला साथीदार यांचे रकाने असावेत. खो-खोत प्रत्येक संरक्षकाचा वेळ असावा. मुलींच्या सामन्यांची नोंद त्याच रकान्यांत, त्याच काटेकोरपणे व्हावी. खिशातल्या मोबाईलवर सामना चित्रित करून ठेवण्यास कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. विद्यापीठाचा संघ निवडताना ही नोंद निवड समितीसमोर असावी आणि जो वगळला गेला त्याला ती दाखवता यावी. यासाठी क्रीडासंकुल लागत नाही, मंत्र्याचे उद्घाटन लागत नाही आणि दिव्यदृष्टीचा जोहरी तर मुळीच लागत नाही. एक टेबल, एक जागा माणूस आणि कागद जपून ठेवण्याची दानत एवढे पुरे.

हे सारे होऊनही आमचा एखादा खेळाडू १९९ वा ठरेल, किंवा यादीच्या तळाशी राहील. राहू द्या. त्याचे मोल चुकीचे झाले असे म्हणून भांडता येईल, आकडे पुढे टाकता येतील, निवडणाऱ्याला खोटे पाडता येईल. भांडणाला जागा असणे हीच न्यायाची पहिली पायरी. आज ती जागाच नाही. आहे ती फक्त हिऱ्याची गोष्ट, आणि पुढच्या पुरवणीत ती पुन्हा छापण्याची तयारी.